ब्लीक हाऊसचे हप्ते घरच्या घरी: कामाच्या नोंदी

९ जून २०२४

गेली सात वर्षं एम.ए.च्या पोरांना व्हिक्टोरियन काळातलं वाचन शिकवतेय आणि दरवर्षी एक वाक्य ठोकून देते, की डिकन्सच्या कादंबऱ्या हप्त्यांनी यायच्या. पोरं वहीत उतरवून घेतात, परीक्षेत परत लिहितात. हातात मात्र सगळ्यांच्या ती नऊशे-हजार पानांची जाड पेपरबॅक. यंदा एकीने विचारलं, मॅडम हप्ता म्हणजे नेमका केवढा असायचा, मासिकाएवढा का पुस्तकाएवढा? मी हाताने "साधारण एवढा" असं काहीतरी हवेत दाखवलं. आकडे पाठ होते, वस्तू कधी डोक्यात आलीच नव्हती.

म्हणून ठरवलं, बनवूनच बघू. 'ब्लीक हाऊस' घेतली. मार्च १८५२ ते सप्टेंबर १८५३, महिन्याला एक. हप्त्यात ३२ पानं मजकूर, दोन चित्रं, निळसर हिरवं पातळ कव्हर, किंमत एक शिलिंग. शेवटचा तेवढा जोडहप्ता, १९ आणि २० एकत्र, दोन शिलिंगला. एकूण २० शिलिंग, तेही दीड वर्षात पसरलेले. तेव्हा नवी तीन खंडांची कादंबरी एकरकमी साडेएकतीस शिलिंगला पडायची, म्हणून लोक ती विकत घेण्यापेक्षा मुडीच्या भाड्याने पुस्तकं देणाऱ्या लायब्ररीला वर्षाची गिनी (२१ शिलिंग) भरून आणायचे.

प्लॅन: जमेल तितकं मूळ मापाबरहुकूम सगळे हप्ते छापायचे, आठ जणांचा गट करायचा, आठवड्याला एक हप्ता वाचायचा. महिन्याला एक शक्य नाही, पोरं पास होऊन निघून जातील. नोंदी ठेवतेय कारण दुसऱ्या कुणाला करायचं असेल तर निदान माझ्या चुका तरी टळतील.

१८ जून

एक आठवडा पाण्यात. डिजिटल लायब्ररीत पहिलं जे स्वच्छ स्कॅन दिसलं ते उतरवलं, १४० पानं साफसूफ केली, आणि मग हप्ते पाडायला बसले तर हिशोबच बसेना. पहिला हप्ता म्हणजे अध्याय १ ते ४. माझ्याकडे चौथा अध्याय भलत्याच पानावर, तेही पानाच्या मध्यावर संपत होता. दोन दिवस मी डिकन्सलाच दोष देत होते. शेवटी टायटल पेज नीट बघितलं, तर ही नंतरची आवृत्ती, मजकूर नव्याने जुळवलेला.

लागते ती १८५३ ची, मूळ प्रकाशक ब्रॅडबरी अँड इव्हान्सची. कारण ते पुस्तक म्हणजे हप्त्यांचीच छापील पानं एकत्र बांधलेली. ओळखायची खूण सोपी: चौथा अध्याय पान ३२ वर संपला पाहिजे आणि पुस्तक ६२४ ला. १८ हप्ते गुणिले ३२ म्हणजे ५७६, वर शेवटच्या जोडहप्त्याची ४८. बरोब्बर ६२४. हे मी आधी तपासलं असतं तर आठवडा वाचला असता, तुम्ही आधी हेच तपासा.

२३ जून

योग्य स्कॅन मिळालं आणि लगेच नवा घोळ. काही पानांच्या तळाशी बारीक एक अक्षर असतं. पान १ वर 'बी', पान १७ वर 'सी', पान ३३ वर 'डी'. मग 'ए' कुठाय? मला वाटलं सुरुवातीची सोळा पानं गायब. दुसरं स्कॅन शोधलं, तिसरं शोधलं, सगळीकडे 'बी'पासूनच. पुढे 'आय'नंतर एकदम 'के', आता 'जे' पण गेला! अर्धा रविवार यात.

संध्याकाळी ओळखीच्या बायंडिंगवाल्या काकांना मोबाईलवर फोटो दाखवला. नारायण पेठेत त्यांचं एका खोलीचं दुकान आहे. त्यांना इंग्रजी कादंबरीशी काही देणंघेणं नाही. एक नजर टाकली आणि म्हणाले, "हे फर्म्याचे नंबर हो मॅडम. सोळा पानांचा फर्मा. तुमचा एकेक भाग म्हणजे दोन फर्मे." झालं. फर्मा म्हणजे एकाच तावावर छापून घडी घातलेली पानं. 'ए' राखून ठेवतात टायटल, प्रस्तावना, अनुक्रमणिका वगैरेला, कारण ते सगळ्यात शेवटी छापलं जातं. आणि 'जे' हा अक्षरक्रमात धरतच नसत, 'व्ही' आणि 'डब्ल्यू'ही नाही.

मी सात वर्षं "३२ पानांचा हप्ता" शिकवतेय आणि ३२ च का, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. दोन फर्मे! डिकन्सला महिन्याला दोन फर्मे भरायचे होते, कमी नाही जास्त नाही. लिहिलेलं जास्त झालं तर प्रुफात कापायचं, कमी पडलं तर वाढवायचं. अध्याय हप्त्याच्या मध्ये कुठेही संपू दे, पण हप्ता संपताना बत्तिसाव्या पानाशी संपलाच पाहिजे.

३० जून

कागद. पानाचं मूळ माप साधारण पावणेनऊ बाय साडेपाच इंच. काकांनी फूटपट्टी लावली आणि म्हणाले, ही तर डेमी. हो की! आपले प्रकाशक आजही कादंबरी "डेमी साइज" म्हणून छापतात तीच डेमी, इंग्रजी कागदाच्या तावाचं जुनं माप, ते आठात घडी घातलं की हे पान. एक-दोन सूत इकडेतिकडे. एवढ्या खटपटीनंतर माप निघालं आपल्याच कपाटातलं.

पांढराशुभ्र कागद घेऊ नका, फोटोकॉपीसारखं दिसतं. नॅचरल शेडचा मॅपलिथो घेतला, ७० जीएसएम (कागदाच्या वजनाचं माप). आधी जाडा बल्की कागद घेतला होता, तो दोन घड्यांतच फुगून वडापावसारखा दिसायला लागला. तो वाया, ४२० रुपये.

खरा सोळा पानी फर्मा एका तावावर छापायचा तर ऑफसेट लागतो, आठ प्रतींसाठी प्लेटा बनवणं म्हणजे वेडेपणा. म्हणून तडजोड: १२ बाय १८ च्या डिजिटल शीटवर एका बाजूला चार पानं, दोन घड्या, एका शीटची आठ पानं. चार शीट म्हणजे एक हप्ता. अस्सल नाही, पण घडीचा हिशोब तोच आहे.

४ जुलै

पहिली छपाई, पूर्ण फसली. तीन कारणांनी, तिन्ही माझी.

एक, स्कॅनचं पान जसं होतं तसं छापलं, त्यामुळे जुन्या कागदाचा पिवळेपणा काळ्या छपाईत राखाडी होऊन आला. आठही प्रती धुक्यात. (कादंबरीच लंडनच्या धुक्यापासून सुरू होते, तेव्हा एकाने हे मुद्दाम केलंय का असंही विचारलं.) उपाय: स्कॅनटेलर या सॉफ्टवेअरमध्ये पानं ६०० डीपीआयला निव्वळ काळीपांढरी करा. चित्रं मात्र तशी करू नका, ती ग्रेस्केलमध्येच ठेवा, नाहीतर बारीक रेघा जळून जातात.

दोन, पानांची मांडणी. दोन घड्यांच्या शीटवर वरची ओळ उलटी लागते. म्हणजे खाली ८ आणि १, वर ५ आणि ४ डोक्यावर उभी. मी सगळी सुलटी लावली. घडी घातल्यावर अर्धी कादंबरी शीर्षासनात. हे कॉम्प्युटरवर बघून कळत नाही, एक कोरा कागद घ्या, दोनदा दुमडा, पेन्सिलने नंबर टाका आणि उलगडून बघा. दोन मिनिटांचं काम आहे आणि मी ते केलं नाही.

तीन, आतला समास. या हप्त्यांची जुजबंदी नसायची, म्हणजे पाठीतून शिवलेले नसायचे, बाजूने आरपार भोकं पाडून दोरा ओवलेला असायचा. त्यात आतली सहा-सात मिलिमीटर जागा जाते. माझ्या प्रतीत प्रत्येक ओळीचा पहिला किंवा शेवटचा शब्द शिलाईत गेला. सगळी पानं बाहेरच्या बाजूला ६ मिलिमीटर सरकवली.

प्रेसवाल्याने तिसऱ्या फेरीला पैसे घेतले नाहीत, दया आली असावी. तरी आत्तापर्यंत वाया गेलेले १,९००.

१० जुलै

कव्हर. आपली सवय कार्डशीटची, म्हणून २०० जीएसएमवर निळं-हिरवं कलर प्रिंट मारलं. दिसायला लग्नपत्रिका. मूळ कव्हर म्हणजे साधा पातळ रंगीत कागद आणि त्यावर काळ्या शाईत हॅब्लो ब्राऊनने, म्हणजे 'फिझ'ने काढलेली गर्दीची चित्रचौकट. रंग कागदाचा असतो, शाईचा नाही. बोहरी आळीत दोन तास हिंडून ९० जीएसएमचा निळसर हिरवा कागद मिळाला, थोडा जास्तच हिरवा आहे पण चालेल.

शिलाईला आरी, मेणाचा हात फिरवलेला जाड दोरा, तीन भोकं. पहिल्या प्रतीला २५ मिनिटं, आठव्या प्रतीला सहा. बोटाला दोनदा टोचलं.

चित्रं स्वतंत्र कागदावर, १३० जीएसएम, कारण मुळातही ती स्टील प्लेटवर कोरून वेगळी छापलेली असायची. आणि इथे एक गोष्ट जी मी वाचली होती पण लक्षात घेतली नव्हती: दोन्ही चित्रं हप्त्याच्या सुरुवातीला लावायची, मजकुराच्या आधी. मी आपली सवयीने संबंधित पानाशेजारी लावत होते. उसवून पुन्हा.

१४ जुलै. हप्ता १

वाटला. आठ जणांत पाच एम.ए.ची पोरं, एक शाळेतल्या बाई, एक आयटीतला मुलगा, आणि बँकेतून रिटायर झालेले एक काका ज्यांचं इंग्रजी आमच्या सगळ्यांपेक्षा चांगलं आहे.

पहिली प्रतिक्रिया: "एवढंच?" पेपरबॅक बघून घाबरलेली पोरं हप्ता बघून हसली. खिशात मावत नाही पण शबनममध्ये सहज जातो. वरच्या घड्या मी मुद्दाम कापल्या नव्हत्या, त्या काळी न छाटलेली पुस्तकं सर्रास मिळायची आणि वाचणारा चाकूने पानं फोडायचा, म्हणून तोही अनुभव घेऊ म्हणलं. एकाने स्वयंपाकघरातली सुरी लावली आणि पान ९ ते १२ फाडून ठेवली. स्टीलची फूटपट्टी बेस्ट, धार नको, पातळ कड हवी. पण मजा अशी की पुढचं पान फोडून घ्यावं लागतं म्हणल्यावर कुणी शेवट चाळला नाही.

२१ जुलै. हप्ता २

पहिल्या हप्त्यात जाहिराती घातल्या नव्हत्या, म्हणलं कोण वाचतंय. मग स्वतःचीच लाज वाटली, कारण मूळ हप्त्यांत 'ब्लीक हाऊस अॅडव्हर्टायझर' नावाचा जाहिरातींचा वेगळा जथ्थाच असायचा. यावेळी एक शीट घातलं. प्रत्येक हप्त्याच्या जाहिराती मला मिळाल्या नाहीत, मिळाल्या त्याच पुढे फिरवून वापरणार आहे, तेवढं नमूद करते.

झालं काय, तर आठपैकी सहा जणांनी आधी जाहिराती वाचल्या. माशाचं तेल, केसांचं तेल, रेनकोट. 'ई. मोझेस अँड सन' या कपडेवाल्यांची एक जाहिरात तर चक्क 'अँटी-ब्लीक हाऊस' नावाने आहे, म्हणजे घर ओसाड असू दे पण आमचा कोट घाला छाप. कादंबरीच्या नावावर स्वार होऊन माल विकणं, कादंबरी पुरी व्हायच्या आधीच. आयटीवाला म्हणाला हे तर आमच्या मार्केटिंगवाल्यांनी केल्यासारखं आहे. वर्गात मी या जाहिरातींवर एक स्लाइड दाखवायची, पोरं जांभया द्यायची. हातात दिल्यावर भांडून वाचतात.

११ ऑगस्ट. हप्ता ५

पैसे संपत आले. जाहिरातींसकट एका प्रतीला ८५ रुपये पडतात, आठ प्रतींचे ६८०, असे १९ हप्ते म्हणजे तेराएक हजार, आणि हे माझ्या खिशातून आहे. यापुढे चारच प्रती, दोघांत एक. कुरकुर झाली. मी म्हणलं अहो तेव्हाही एक प्रत एकाच माणसाने वाचली असं नव्हतं, घरात एक जण मोठ्याने वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे. म्हणून आजचा हप्ता मोठ्याने वाचायचं ठरलं.

वेळ लावला. एका हप्त्यात अंदाजे १८ हजार शब्द. चहा धरून आम्हाला दोन तास पंचवीस मिनिटं लागली. मनात वाचायला याच पोरांना सव्वा-दीड तास लागतो. एका बैठकीत मोठ्याने वाचणं जड जातं, घसा बसतो, तिघांनी पाळीपाळीने वाचलं. पण कुणी झोपलं नाही, आणि काही विनोद जे छापलेल्या पानावर मला कधी दिसलेच नव्हते ते शाळेतल्या बाईंच्या तोंडून ऐकताना कळले. त्या टर्व्हीड्रॉप या पात्राचा दिमाख असा वाचत होत्या की पोरं लोळली.

२९ सप्टेंबर. हप्ता १०

गणपतीचे दोन आठवडे बंद होतं. आज दहावा, पानं २८९ ते ३२०, मूळ डिसेंबर १८५२. हा मुद्दाम संध्याकाळी ठेवला आणि मोठ्याने वाचला.

ज्यांनी वाचली नाही त्यांनी ही नोंद सोडा. बत्तिसाव्या अध्यायात भंगारवाल्या क्रूकच्या घरी दोघं मध्यरात्रीची वाट बघत बसलेत. हवेत जळकट वास. कुणीतरी चॉप्स करपवलेत म्हणून बोलणं होतं. अस्तनीवर काजळी पडते, पुसायला जावं तर पसरते, तेलकट. मग खिडकीच्या कठड्याला हात लागतो आणि बोटाला पिवळा चिकट द्रव. इथे आमच्याकडे सगळे गप्प, आणि शेजारच्या फ्लॅटमधून नेमका मटणाचा वास येत होता, हे मी ठरवून केलेलं नाही. एका पोरीने हातातली चकली खाली ठेवली. मग खाली जातात, तर क्रूक नाहीच, जमिनीवर जळका ठिपका. माणूस आपोआप पेटून गेला. पान ३२० संपलं, हप्ता संपला.

आणि आता मी जाहीर केलं की पुढचा हप्ता आठवड्याने नाही, खरोखर एक महिन्याने. २७ ऑक्टोबरला. आरडाओरडा.

२ ऑक्टोबर

प्रयोग फसला, तीन दिवसांत. आठपैकी पाच जणांनी मोबाईलवर पुढचं वाचून टाकलं. एकाने तर पार्किंगमध्ये गाडीला किल्ली लावायच्या आधी. लपवलंही नाही.

चिडचिड झाली पण विचार केल्यावर माझीच चूक. १८५२ मध्ये पुढचा भाग लपवून ठेवलेला नव्हता, तो लिहूनच झालेला नव्हता. आपल्याकडे तो कपाटात आहे आणि आपण कपाटाला कुलूप लावून त्याला "वाट बघणं" म्हणतोय. हा फरक कागद, दोरा, कव्हर कशानेही भरून निघत नाही. दुसऱ्या कुणी हा प्रयोग करणार असेल तर महिन्याची सुट्टी देऊ नका, नुसता वेळ जातो.

बँकवाले काका मात्र थांबले. म्हणाले, आमच्या लहानपणी मासिकात "क्रमशः" आलं की विषय संपला, पुढच्या महिन्यापर्यंत आम्हीच आमच्या कथा रचायचो. त्यावरून हरिभाऊ आपट्यांच्या 'करमणूक'वर गाडी गेली. 'पण लक्षात कोण घेतो' १८९० ते ९३ त्यात हप्त्यांनी येत होती, म्हणजे यमूचं पुढे काय होणार याची वाट पुण्यातल्या लोकांनीही बघितलीच की. आणि हरिभाऊंची पहिली 'मधली स्थिती' तर रेनॉल्ड्सच्या लंडनच्या गूढकथांवर बेतलेली. आपल्या अभ्यासक्रमात डिकन्स आहे, पण इथल्या वाचकांनी ज्याचा फडशा पाडला तो रेनॉल्ड्स कुठेच नाही. असो, तो वेगळा प्रकल्प.

२७ ऑक्टोबर. हप्ता ११

तरीही महिन्याच्या थांब्याचं एक फळ मिळालं. माणूस आपोआप पेटतो हे टीकाकार लुईसला, म्हणजे पुढे लेखिका जॉर्ज इलियट हिचा जोडीदार झाला तो, अजिबात पटलं नव्हतं. त्याने 'लीडर' साप्ताहिकात डिसेंबर १८५२ मध्येच डिकन्सवर टीका केली, की हे शास्त्राला धरून नाही. जानेवारीचा हप्ता उघडला की तेहतिसाव्या अध्यायात क्रूकच्या चौकशीच्या वर्णनात डिकन्स विद्वानांची टर उडवतो: काही थोर पंडितांचं म्हणणं असं की मयताला अशा पद्धतीने मरण्याचा काही अधिकारच नव्हता.

पेपरबॅकमध्ये ३२ वा आणि ३३ वा अध्याय यांच्यात एक पान उलटायचं अंतर आहे, तिथे ही टोमणेबाजी कुणासाठी आहे हे कळायला तळटीप लागते. हप्ता १० आणि ११ वेगवेगळे टेबलावर ठेवले आणि मध्ये लुईसच्या लेखाचं प्रिंटआऊट ठेवलं की तळटीप लागत नाही. फसलेल्या महिन्यात मला आवडलेली ही एकच गोष्ट.

शास्त्र लुईसच्या बाजूने होतं हे सांगायला नको. डिकन्स शेवटपर्यंत ऐकला नाही.

१ डिसेंबर. हप्ता १५

दिवाळीनंतर आठवड्याला एक नीट चालू आहे. छपाई आता दोन संध्याकाळी होते.

आज कादंबरीतला 'जो' मेला. झाडूवाला पोरगा. बाईंनी वाचलं, कुणी काही बोललं नाही बराच वेळ. मग मी डिकन्सच्या टिपणांची गोष्ट सांगितली आणि वातावरण घालवलं. प्रत्येक हप्त्यासाठी तो एक कागद घ्यायचा, अर्ध्या भागात स्वतःलाच प्रश्न, हे पात्र आणायचं का, आणि शेजारी उत्तर. ते कागद लंडनला व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत. या हप्त्याच्या कागदावर आहे: जो? होय. मारून टाक.

एक पोरगी रागावली. "म्हणजे आम्ही रडायचं आणि हा हिशोब करतोय." मी म्हणलं बाई गं, दोन फर्मे भरायचे होते त्याला. तिला काही ते पटलेलं नाही.

२२ डिसेंबर. हप्ता १८

चित्रं पुढे लावण्याचा खरा परिणाम आज दिसला. या हप्त्याच्या शेवटी, पान ५७६ ला, घर सोडून गेलेल्या लेडी डेडलॉकचा शोध संपतो. आणि हप्ता उघडल्या उघडल्या समोर 'द मॉर्निंग' हे चित्र: पहाटेचा अंधार, स्मशानाचं लोखंडी फाटक, पायरीशी पडलेली एक बाई. मजकुराची एक ओळ वाचायच्या आधी. मी घाबरले की सगळा रहस्यभेद झाला, चित्र काढून मागे लावावं का असंही मनात आलं.

नाही लावलं ते बरं. कारण कथेत लेडी डेडलॉक आणि जेनी नावाच्या गरीब बाईच्या कपड्यांची अदलाबदल झालेली आहे, आणि चित्रात चेहरा ओळखू येत नाही. त्यामुळे आठही जण वाचताना "कुणीतरी मरणार, पण कोण" याच घोरात. दोन तट पडले. कथा सांगणारी एस्थर त्या बाईला जेनी समजून धावत जाते तेव्हा आमच्यातले तिघं तिच्याबरोबरच चुकले. पेपरबॅकमध्ये हेच चित्र संबंधित पानाला चिकटून येतं, तिथे ते नुसतं घडलेल्याचं चित्र होऊन बसतं.

छपाईचा धडा: फिझची ही गडद चित्रं साध्या लेसरवर काळा डबका होऊन येतात. कॉन्ट्रास्ट कमी करा, थोडं उजळ छापा.

२९ डिसेंबर. हप्ता १९-२०

४८ पानं मजकूर आणि त्यावर सोळा पानं: टायटल, अर्पणपत्रिका, प्रस्तावना, अनुक्रमणिका. प्रस्तावना सगळ्यात शेवटी हातात येते. त्यात डिकन्स पुन्हा एकदा माणूस पेटण्यावर भांडतोच आहे, पुरावे देऊन. हाच तो राखून ठेवलेला 'ए' फर्मा, जूनमधला माझा गायब झालेला. आता हप्ते बांधून पुस्तक करायचं तर ही पानं उचलून पुढे न्यायची, आणि चित्रांची यादी बघून चित्रं आपापल्या पानांशी.

चहा-पोहे झाले. दोघांनी शेवटचे तीन हप्ते वाचलेलेच नाहीत हेही उघडकीस आलं.

११ जानेवारी २०२५

चारपैकी एक संच बायंडिंगवाल्या काकांकडे बांधायला दिला होता, खऱ्या वाचकांनी करायचे तसा. टायटल पुढे घ्या, चित्रं यादीप्रमाणे लावा, जुजबंदी करा, हे सगळं फोनवर सांगितलं. काम सुंदर झालंय, कापडी पुठ्ठा, सोनेरी अक्षरं, ४५० रुपये. उघडलं तर आत फक्त मजकूर आणि चित्रं. कव्हरं?

"ती हिरवी? ती काढली. आणि त्या जाहिराती पण. पुस्तकात कशाला जाहिराती, मॅडम."

१८५३ मधल्या बायंडरांनी नेमकं हेच केलं. म्हणून तर आज जाहिराती-कव्हरांसकट पूर्ण संच दुर्मीळ आणि महाग आहेत, आणि मला पण सगळ्या हप्त्यांच्या जाहिराती मिळाल्या नव्हत्या. त्यांना काय बोलणार, मी सांगितलंच नव्हतं. दुकानामागच्या रद्दीच्या पोत्यात दोघांनी मिळून शोधलं, अकरा कव्हरं मिळाली, त्यातली तीन खळीने चिकटलेली. जाहिराती आदल्या दिवशीच रद्दीवाल्याकडे गेल्या होत्या.

हिशोब: छपाई ७,९७६, वाया १,९००, आरी-दोरा-मेण ३५०, बायंडिंग ४५०. म्हणजे १०,६७६ रुपये आणि सात महिने. उरलेले तीन संच सुट्या हप्त्यांतच डिपार्टमेंटच्या कपाटात ठेवलेत. वर चिठ्ठी लावलीय: बायंडिंगला देऊ नये.